सरांचा उजवा पाय

आमच्या कॉलेजात सरांची शोकसभा झाली तेव्हा सर चांगले जिवंत होते. त्याच सकाळी मी त्यांना इस्पितळात थर्मासमधून चहा नेऊन दिला होता आणि साखर घातली नाही म्हणून त्यांनी माझ्याशी वाद घातला होता. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत, तेव्हा मलाही हसू आलं होतं. पण तिथून सुरुवात करून भागायचं नाही. आधी सर सांगायला हवेत, आणि त्यांचा उजवा पाय.

साठ सालानंतरची ती वर्षं. अंधेरी पूर्वेला, कारखान्यांच्या वासात आमचं कॉलेज नुकतंच उभं राहिलं होतं. त्यातला तत्त्वज्ञान विभाग म्हणजे सर आणि मी. सर विभागप्रमुख, आणि ते ज्याचे प्रमुख होते तो विभाग म्हणजे मी एकटी. मी तर्कशास्त्र शिकवायची. ते बाकीचं सगळं शिकवायचे, म्हणजे मन आणि शरीर शिकवायचे. अभ्यासक्रमात नीतिशास्त्र होतं, धर्माचं तत्त्वज्ञान होतं, पण सरांच्या हाती काहीही द्या, थोड्याच दिवसांत गाडी मन आणि शरीरावर येऊन थांबायची. एकदा परीक्षेच्या वेळी वर्गावर कोणी कधी उभं राहायचं याची बैठक चालली होती, तिथेसुद्धा ते बरोबर तिथेच पोचले. प्राचार्यांनी कपाळाला हात लावला.

उंच, खांद्यात वाकलेले, बंद गळ्याचा कोट, पायात जाड टाचेच्या चपला. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं हे विचारायची माझी छाती झाली नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. रेल्वेच्या पलीकडे, पश्चिमेच्या गावठाणात, एका ख्रिस्ती बाईंच्या घरात मागच्या अंगाची खोली घेऊन राहायचे. सारं गावठाण त्या बाईंना आंटी म्हणायचं, म्हणून मीही आंटीच म्हणते. सरांना साखरेचा आजार, त्यामुळे रेशनची साखर आंटीकडे जायची आणि त्यावरून दोघांचं दर आठवड्याला वाजायचं. आंटी म्हणायची साखर कमी भरली, सर म्हणायचे मुंग्यांना विचार.

पाश्चात्य तत्त्ववेत्त्यांची नावं वर्गात घ्यायची नाहीत, हा सरांचा नियम. नाव सांगितलं की पोरं नाव पाठ करतात आणि माणूस सोडून देतात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्याकडे एक फ्रेंच गृहस्थ होते, एक चष्म्याच्या काचा घासणारे होते, एक स्कॉटलंडचे लठ्ठ पाहुणे होते. फ्रेंच गृहस्थांनी मन एका बाजूला आणि शरीर दुसऱ्या बाजूला असे दोन ढीग केले आणि मग दोघांची गाठ कुठे घालायची म्हणून मेंदूत वाटाण्याएवढी जागा शोधून काढली. लठ्ठ पाहुणे स्वतःच्या आत डोकावून आले, तर तिथे त्यांना कोणी भेटलंच नाही. हे सगळं सर असं सांगायचे की जणू ही मंडळी कालच आंटीच्या ओसरीवर बसून गेली. एका वर्षी विद्यापीठाच्या परीक्षेत आमच्या मुलांनी सरसकट ‘फ्रेंच गृहस्थांच्या मते’ असं लिहून ठेवलं आणि तपासणाऱ्याने वैतागून चिठ्ठी पाठवली. सरांनी ती कौतुकाने सगळ्यांना दाखवली.

स्वतःच्या शरीराबद्दल ते शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलायचे. ‘आज गुडघा यायला नको म्हणत होता, समजावून आणलं.’ ‘पोट रजेवर आहे, बाई.’ मला ते बाई म्हणायचे. पण म्हणून कोणी त्यांना, शरीर काय हो, भाड्याचं घर, असं ऐकवायला गेलं की भडकायचे. ‘गेल्या पावसात आंटीचं छप्पर गळलं,’ ते म्हणायचे, ‘तेव्हा घर भिजलं की मी भिजलो? भाडेकरूला सर्दी होते की नाही? मग कसलं भाड्याचं घर.’

वर्ग घ्यायची त्यांची तऱ्हा और होती. वर्षातून एकदा चार्वाकांचा दिवस यायचा. त्या दिवशी सर खिशातून पान, चुना आणि कात काढून टेबलावर मांडायचे. पान हिरवं, चुना पांढरा, कात तपकिरी, यात लाल कुठे आहे ते दाखवा, म्हणायचे. मग विडा लावून सावकाश चावायचे आणि सगळ्या वर्गापुढे जीभ बाहेर काढायचे. ‘हा आत्मा,’ असं लाल जिभेने सांगायचे. ‘चार्वाक म्हणतात, देह नीट जमला की जाणीव अशीच आपोआप येते, वेगळी आणावी लागत नाही. आणि विडा संपला की लालही संपलं.’ ही जीभ बघायला अर्थशास्त्राची पोरंसुद्धा खिडकीत लटकायची.

आणि एक साक्षीची खुर्ची होती. वर्गाच्या कोपऱ्यात ती वेगळी ठेवलेली असायची. सांख्यदर्शन सुरू झालं की रोज एकाला तिच्यात बसवायचं. त्याने लिहायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, नुसतं बघायचं. ‘फ्रेंच गृहस्थांनी सुरी मन आणि शरीर यांच्यामधून फिरवली,’ सर सांगायचे. ‘आपल्या सांख्यांनी ती थोडी पलीकडे फिरवली. त्यांच्या मते मन, बुद्धी, मीपणा ही सगळी शरीराच्याच पंगतीतली मंडळी, सगळी जडच. पलीकडे उरला तो नुसता बघणारा. त्याला दुखत नाही, खुपत नाही, त्याचं काही अडत नाही.’ मुलांना ही खुर्ची फार प्रिय. तिच्यात डुलकी काढता यायची.

एकदा तास संपल्यावर मी सहज म्हटलं, ‘सर, तुम्हाला स्वतःला यातलं कोणाचं पटतं?’

ते खडू पुसत म्हणाले, ‘रोज संध्याकाळी खोलीवर गेलो की मीही आत डोकावतो, बाई. लठ्ठ पाहुण्यांना कोणी भेटलं नाही. मला एक माणूस भेटतो. फारसा बोलत नाही.’

मी काहीतरी बोलून विषय बदलला.

मग तो खिळा आला. सरांच्या उजव्या चपलेचा खिळा आतून वर आला होता. तो पायात घुसवून सर खोलीपासून निघाले, रेल्वेचा पूल चढले, उतरले, कॉलेजपर्यंत चालत आले आणि सगळे तास घेतले. स्टाफरूममध्ये मला फरशीवर लाल ठसे दिसले तेव्हा मी किंचाळलेच. सरांनी चप्पल काढली, पाय मांडीवर घेतला आणि तळव्याकडे असे पाहू लागले की जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

‘बाई, हे बघा,’ ते म्हणाले. ‘खिळा आहे. भोक आहे. रक्त आहे. दुखणं कुठे आहे?’

‘सर, डॉक्टरकडे चला.’

‘नाही, पण दुखणं कुठे आहे? मला काही कळलं नाही. सगळं शरीरात झालं आणि मनाला पत्ताच नाही.’

त्यांना आनंद झाला होता. आयुष्यभर मुलांना सांगायला हवं होतं ते उदाहरण घरबसल्या चालत आलं होतं. साखरेच्या आजारात पायाची जाणीव जाते, हे डॉक्टरांनी पुढे सांगितलं. सरांनी मात्र दुसऱ्या दिवशी पायाला फडकं गुंडाळून त्या भोकावर तास घेतला. मी ओरडले, आंटी ओरडली, शिपाई रावजीसुद्धा बोलला. अखेर बोटं काळी पडली तेव्हा आंटीनेच त्यांना हाताला धरून इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखालून काढावा लागेल.

आदल्या संध्याकाळी मी भेटायला गेले. सर छताकडे बघत पडले होते.

‘उद्या पाय गेल्यावर मी किती उरेन, बाई?’ त्यांनी विचारलं. ‘चार्वाकांच्या मते पायाएवढा कमी. फ्रेंच गृहस्थांच्या मते अख्खाच्या अख्खा. सांख्यांच्या मते मला पाय कधी नव्हताच.’

‘आणि तुमच्या मते?’

त्यांनी हात पांघरुणाखाली घेतले. ‘माझ्या मते मला भीती वाटतेय,’ ते म्हणाले.

शस्त्रक्रिया झाली आणि इस्पितळाचा माणूस कापडात बांधलेलं गाठोडं घेऊन बाहेर आला. पेशंटचे नातेवाईक कोण, म्हणून विचारू लागला. कापलेला अवयव घरच्यांच्या ताब्यात द्यायचा आणि घरच्यांनी त्याची रीतसर व्यवस्था लावायची, अशी तिथली पद्धत. नातेवाईक म्हणून बाकावर आम्ही होतो, मी, आंटी आणि रावजी. सरांचे एक थोरले भाऊ सांगलीला होते, त्यांना तार केली होती पण ते पोचायचे होते.

आंटी म्हणाली, ‘आमच्या चर्चच्या मागं माती देऊ. माज्या मानसांच्या बाजूला ठेवते. एकटा पडणार नाय. आनि शेवटी सगळे उठतील तवा मास्तरला शोधायला नको.’

सर गुंगीतून थोडे जागे झाले होते. मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं. ते पुटपुटले, ‘जाळा. पुरलात तर माझी वाट बघत बसेल. जाळलात तर सुटेल.’

म्हणून मी आणि रावजी ते गाठोडं घेऊन स्मशानात गेलो. त्या काळी बायका स्मशानात जात नसत. मी गेले, कारण रावजीला एकट्याला पाठवायला मन होईना. तिथल्या माणसाने विचारलं, प्रेत कुठे आहे. रावजीने गाठोडं वर केलं. त्या माणसाने थोडी लाकडं रचून दिली. अग्नी रावजीने दिला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुराने म्हणावं तर धूर फारसा नव्हता.

आमच्या कॉलेजातला एक कारकून समोरच्या गल्लीत राहायचा. त्याने आम्हाला तिथे पाहिलं. सर इस्पितळात आहेत हे त्याला ठाऊक होतं. रावजी चितेपाशी उभा आणि बाई स्वतः स्मशानात येऊन रडतायत, म्हणजे सर गेले, आणि त्यांना पोचवायला दुसरं कोणी नव्हतं, असा त्याने निष्कर्ष काढला. मी तर्कशास्त्राची मास्तरीण. त्यातला अर्धा निष्कर्ष बरोबर होता हे मला कबूल करावं लागेल.

दुसऱ्या दिवशी सरांशी चहावरून भांडून मी कॉलेजात पोचले, तर पोरं-पोरी हॉलमध्ये रांगेने उभी. टेबलावर सरांचा ग्रुप फोटोतून कापून काढलेला फोटो, त्याला झेंडूचा हार. फोटोत शेजारच्याचा खांदाही आला होता. प्राचार्य सांगत होते की दिवंगतांनी असंख्य विद्यार्थी घडवले. आमच्या वर्गातली मुलं मोजायला कधी दुसरा हात लागला नव्हता. मी दारातून हात हलवेपर्यंत ते म्हणाले, ‘आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू.’ आणि सगळे स्तब्ध झाले. आता स्तब्धतेत कसं बोलायचं? मीही उभी राहिले. जिवंत माणसासाठी दोन मिनिटं मान खाली घालून मी उभी होते आणि माझ्या हातात त्यांचा उष्टा थर्मास होता.

‘बसा,’ म्हटल्याबरोबर मी पुढे गेले आणि सांगितलं, ‘सर आहेत. पाय गेलाय.’

हॉलमध्ये कुजबुज झाली. प्राचार्यांचा चेहरा पडला, पण तो सरांसाठी नव्हता. ते माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, ‘अहो, पण सुट्टी जाहीर झालीय.’ प्राध्यापक वारला की शोकसभेनंतर दिवसभर सुट्टी, हा सगळ्या कॉलेजांचा रिवाज. पोरं एव्हाना फाटकाच्या बाहेर पडली होती. सुट्टी तशीच राहिली.

संध्याकाळी मी सरांना सगळं सांगितलं. त्यांना गंमत वाटेल असं मला वाटलं होतं, आणि वाटलीही. कोण काय बोललं, हार कसला होता, शेजारचा खांदा कोणाचा, सगळं खोदून विचारलं. मग म्हणाले, ‘कोणी रडलं?’

मी म्हटलं, ‘नाही. पण दोन मिनिटं कोणी खोकलंसुद्धा नाही.’

‘माझ्या तासाला एवढी शांतता कधी नव्हती,’ असं म्हणून ते हसले आणि कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करून पडले.

सर घरी आल्यावर पाय दुखायला लागला. जो नव्हता तो. अंगठा पिळवटतोय, टाच जळतेय, तळव्यात खिळा घुसतोय. रात्र रात्र सर पलंगावर बसून नसलेल्या पायाकडे बघत राहायचे. ‘पाय होता तेव्हा खिळ्याचं दुखणं आलं नाही,’ ते मला म्हणाले. ‘आता पाय नाही, खिळा नाही, आणि दुखणं तेवढं आलंय.’ आता मात्र ते उदाहरण सापडल्यासारखे खूश नव्हते.

आंटीचं स्पष्ट मत होतं. ‘बोललेले मी, पुरू या. जाळलास म्हनून आग आग होते.’ आधी हे झालं म्हणून नंतरचं ते झालं, असं मानण्याचा दोष मी मुलांना पहिल्याच महिन्यात शिकवते. पण आंटीपुढे मी तो काढला नाही.

डॉक्टर म्हणाले, पाय गेल्याचं अजून मेंदूला पटलेलं नाही, हे सगळं तुमच्या मनात आहे. सांगलीचे भाऊ येऊन दोन दिवस राहिले. रोज पहाटे मोठ्याने स्तोत्रं म्हणायचे. त्यांनी सांगितलं, देह आपला नव्हे, मनही आपलं नव्हे, त्याची आसक्ती सोड म्हणजे दुखणं सुटेल. मग ते सांगलीला निघून गेले.

‘डॉक्टर म्हणतात दुखणं नुसतं मनातलं आहे,’ सर म्हणाले. ‘भाऊ म्हणतो मनसुद्धा माझं नाही. म्हणजे पश्चिमेने ते मनात ढकललं आणि पूर्वेने मनच काढून घेतलं. दोघांनी मिळून मला एकटं सोडलं बघा. नुसतं मनातलं म्हणजे काय हो? मी जन्मभर शिकवलं त्याला हे लोक नुसतं म्हणतात.’ त्यांचा आवाज चढला होता. त्यांना इतकं चिडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

एका गोष्टीचा मात्र उपयोग व्हायचा. बोलता बोलता, समजावता समजावता दुखणं थांबायचं. न्यायदर्शनवाल्यांचं म्हणणं असं की मन अणूएवढं असतं, म्हणून ते एका वेळी एकाच जागी राहू शकतं. ‘शिकवायला लागलो की ते तोंडापाशी येतं,’ सर म्हणाले, ‘आणि पायाकडे जायला विसरतं. बाई, मला वर्ग द्या. बाकी काही नको.’

मला ते समजलं. वर्ग मिळाला तर सर माणसांत राहणार होते, नाही मिळाला तर त्या खोलीत ते आणि तो पाय, दोघंच. प्राचार्य म्हणाले, वर्ग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि खरं सांगायचं तर आम्ही त्यांचे तास दुसऱ्या विषयांना वाटूनही टाकले. मी म्हटलं, ‘का, हार घातला म्हणून?’ फार भांडले मी. शेवटी तळमजल्यावर, टेबल टेनिसच्या खोलीला लागून एक खोली मिळाली. सर कुबड्या घेऊन आले. भिंतीपलीकडे चेंडू टकटकायचा आणि अलीकडे सर मन आणि शरीर शिकवायचे. त्या तासाभरात त्यांच्या कपाळावरची आठी जायची, ती मी दारातून पाहायची. तेवढं एक वर्ष बरं गेलं.

पुढच्या जूनमध्ये तत्त्वज्ञान कोणी घेतलंच नाही. वाणिज्य शाखा उघडली होती आणि पोरांची झुंबड तिकडे. मला तिकडे तर्कशास्त्रासाठी ओढलं. सरांना निवृत्त केलं. शालही दिली नाही, कारण एकदा शोकसभा झालेल्या माणसाचा सत्कार कोणत्या निमित्ताने करायचा हे कोणाला नक्की कळेना.

मग शनिवारी दुपारी मी बोरीवलीच्या माझ्या घरून गावठाणात जायला लागले. म्हटलं, मी एकटी का होईना, पण वर्ग तर आहे. पहिल्या दिवशी मी खोलीच्या कोपऱ्यातली खुर्ची घेतली आणि म्हटलं, ‘सर, मी आज साक्षी.’

‘तिथे नको,’ ते म्हणाले. ‘पुढे या. नुसतं बघणारं कोणी नकोय आता. सांख्यांनी हे एवढं मोठं लिहून ठेवलं, पण बघणाऱ्याने नुसतं बघत राहावं, हे ज्याला दुखतंय त्याला विचारून ठरवलेलं दिसत नाही. तुम्ही माझ्याशी वाद घाला.’ मग मी वाद घातला. चार वाजेपर्यंत फ्रेंच गृहस्थांची बाजू घेऊन मी इतकी भांडले की आंटी मधेच डोकावून गेली. सरांनी त्या दुपारी पायाचं नावसुद्धा काढलं नाही.

बाकीचे दिवस आंटीचे. सरांच्या खुर्चीसमोर तिने एक स्टूल ठेवलं होतं आणि त्यावर वाकळेची घडी, नसलेला पाय ठेवायला. सर तो रिकामा गुडघा स्टुलाच्या दिशेने ठेवून बसायचे. आंटीची नातवंडं त्या खोलीतून मागच्या अंगणात पळायची. कोणी गुडघा आणि स्टूल यांच्यामधून जायला लागलं की आंटी स्वयंपाकघरातून खेकसायची, ‘पायावर पडशील, फिरून जा.’ पोरं फिरून जायची.

एकदा मी तिला म्हटलं, ‘आंटी, तिथे काही नाही गं.’

‘ते मना दिसतंय,’ ती म्हणाली. ‘पन पोर तिथून गेलं का मास्तर रातभर कन्हतो. माजी झोप जाते. फिरून जायला काय पैसे पडतात?’

मी तर्कशास्त्राची, माझं तिथे काही चाललं नाही. पण खरं सांगते, मला जमलं नसतं ते. मी शनिवारी वाद घालू शकले. त्या मोकळ्या जागेला पाय मानणं मला हसू आल्याशिवाय जमत नव्हतं.

सर मे महिन्यात गेले, सुट्टीत. दुपारी खुर्चीतच. आंटीने मला निरोप पाठवला. या वेळी स्मशानात मी, रावजी आणि आंटीचा मुलगा होतो. भावांना तार केली होती.

जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर मी प्राचार्यांकडे गेले. म्हटलं, सरांची शोकसभा कधी ठेवायची. प्राचार्य कागद बाजूला सारून म्हणाले, ‘बाई, त्यांची झालीय ना मागे.’

ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच अडचण वाटत होती. ‘एकाच माणसाची दोनदा कशी घेणार? मुलांना काय सांगायचं?’ मी तोंडाला येईल ते बोलले आणि बाहेर आले. एका माणसासाठी दोन मिनिटं गप्प उभं राहायचं, तर ती दोन मिनिटं सर चहात साखर मागत होते तेव्हाच खर्चून टाकली होती. मला अतोनात वाईट वाटलं. आजही वाटतं.

तशीच पूल ओलांडून गावठाणात गेले. आंटी ओसरीवर तांदूळ निवडत होती. म्हणाली, नवीन भाडेकरू उद्या येतोय, मास्तरची पुस्तकं खिडकीशी बांधून ठेवलीत, तू घेऊन जा. मी आत गेले. खोली झाडून पुसून रिकामी केली होती. पलंग नव्हता. खुर्ची नव्हती. स्टूल मागच्या अंगणात होतं, त्यावर तिने सुकत घातलेले बोंबील मांडले होते. मधे नुसती शहाबादी फरशी.

मी खिडकीशी गठ्ठा उचलत होते. आंटीची धाकटी नात बाहेरून धावत आली, अंगणाच्या दाराकडे निघाली, आणि खोलीच्या मधोमध आल्यावर सवयीने बाजूला वळून, त्या मोकळ्या फरशीला वळसा घालून पळून गेली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

गठ्ठा जड होता. दारापर्यंतची जवळची वाट सरळ त्या फरशीवरून जात होती. तर्काने विचाराल तर तिथे काही नव्हतं, आणि आता तर कोणाला दुखणारही नव्हतं. मी फिरून गेले.